मदत हवी आहे : बक्षिसांमुळे गेलेली वाचनाची गोडी परत कशी आणावी?

नमस्कार. नेरुळमधील आमच्या सोसायटीत मी दर रविवारी मुलांचा वाचनवर्ग घेते. दिवाळीपासून मी वाचलेल्या प्रत्येक पुस्तकामागे एक चांदणी आणि १० चांदण्यांना एक बक्षीस अशी पद्धत सुरू केली (कल्पना माझीच, दोषही माझाच), आणि तेव्हापासून गोष्टीतल्या राक्षसावरून तासभर वाद घालणारी हीच मुले मुद्दाम पातळ पुस्तके निवडून फक्त पाने मोजू लागली आहेत.

लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधीच सांगितलेली बालवाडीतील मुले पुढे मोकळ्या वेळेत चित्रांकडे कमी वळली. तेच प्रशस्तिपत्र अनपेक्षितपणे मिळालेल्या मुलांची आवड मात्र घटली नाही. मानसशास्त्रज्ञ डेसी आणि रायन हे आतून येणाऱ्या प्रेरणेसाठी स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा या गरजांवर भर देतात, पण माझ्या चांदण्यांच्या तक्त्यात यांपैकी स्वायत्ततेला जागाच नाही.

चांदण्या एकदम बंद कराव्यात, की पुस्तके निवडण्याचे काम मुलांकडे सोपवत त्या हळूहळू मागे घ्याव्यात? तक्त्यावर खूश असलेल्या पालकांना हे कसे पटवावे? असा वर्ग चालवलेल्यांनी कृपया आपला अनुभव कळवावा.