गोल्फच्या बॅगेत १६ क्लब निघाले, दंड १२ स्ट्रोकचा की ४ चा?

होटगीरोडकर
नमस्कार मंडळी, जरा आमचं भांडण मिटवा की ओ. मेहुणा अमेरिकेतून परत आला तेव्हा त्याचा जुना गोल्फ सेट माझ्या गळ्यात मारला, वर्षभर तो माळ्यावर पडून होता. मागच्या शनिवारी पुण्याच्या मित्राकडं गेलो, हुतात्मा एक्सप्रेसमध्ये ती बॅग घेऊन बसलो तर शेजारचे आजोबा विचारतात, मासे धरायला निघालात का. असो. रविवारी सकाळी खेळायला उतरलो, स्ट्रोक प्ले, म्हणजे ज्याचे एकूण स्ट्रोक (फटके) कमी तो जिंकला, हरणाऱ्यानं जेवण द्यायचं. तिसऱ्या होलवर, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या टप्प्यावर, मित्रानं सहज माझ्या बॅगेतले क्लब (बॉल मारायच्या काठ्या) मोजले, निघाले १६. तो म्हणाला दोन क्लब जास्त, तीन होल, प्रत्येकी दोन स्ट्रोक दंड, झाले १२! मी म्हटलं अरे मी तर चार-पाचच क्लब हातात घेतले, बाकीचे नुसते ओझं. ऐकला नाही. शेवटी मी ७ नं हरलो आणि बिल भरलं. हा हिशोब बरोबर आहे का?

पुटरवाला_पुणे
मित्राचं गणित चुकलं. मर्यादा १४ क्लबची, वापरा नाहीतर नुसते वागवा, बॅगेत आहेत म्हणजे मोजले जाणार, तुमचा बचाव इथं चालत नाही. पण दंड क्लबच्या संख्येवर नसतो. एक जास्त असो की पाच, ज्या होलवर चूक झाली त्या होलला २ स्ट्रोक, आणि पूर्ण राउंडला जास्तीत जास्त ४. म्हणजे तुमचे ४ च. फक्त कळल्या कळल्या कुठले दोन बाद करताय ते तिथंच जाहीर करायचं, ते पुढं वापरायचे नाहीत.

होटगीरोडकर
म्हणजे १२ च्या जागी ४, आठ कमी झाले, म्हणजे मी १ नं जिंकलो की बे! स्क्रीनशॉट पाठवतोय त्याला. बाद केलेले दोन म्हणजे जास्तीचा पुटर (बॉल हळूच होलमध्ये ढकलायचा क्लब) आणि ३ नंबरचा आयर्न (लोखंडी तोंडाचा क्लब), ते त्याच्या गाडीतच टाकले होते.

काळी_माती
आमच्याकडं नळाला चार दिवसाआड पाणी आणि हे लोक हिरवळीवर दांडकी मोजत बसलेत 😂 श्रीमंतांचे चोचले.

पुटरवाला_पुणे
पाण्याचं म्हणणं मान्य. पण चोचले सगळ्यांचेच नसतात हो. आपला गोल्फर एसएसपी चौरासिया, वडील रॉयल कलकत्ता गोल्फ क्लबमध्ये ग्रीनकीपर (मैदानाची हिरवळ राखणारे), पोरगा तिथंच बघत बघत शिकला आणि २०१६, २०१७ लागोपाठ इंडियन ओपन जिंकला. आणि खरं सांगू का, माझी क्लब धरायची पद्धत चुकतेय हे कोचच्या आधी कॅडीनं (बॅग वाहणाऱ्यानं) हेरलं होतं. त्याला अरे-तुरे करणारे मेंबर बघितले की डोकं फिरतं.

सातरस्ता_स्विंग
सेटबद्दल बोलतो, नियम राहू द्या. वर्षभर माळ्यावर आणि वरनं सोलापूरचा उन्हाळा, क्लबच्या मुठीवरच्या ग्रिपचं रबर अजून हाताला पकड देतं का बघा एकदा. माझ्या गाडीच्या डिकीत एक मे महिना सेट राहिला, ग्रिप अशी कडक आणि गुळगुळीत झाली की घामेजल्या हातातून ७ नंबर आयर्न सुटून पुढं उडाला, नशीब समोर कोणी नव्हतं. नवीन ड्रायव्हरच्या (लांब फटक्याच्या क्लबच्या) नादी लागू नका, आधी ग्रिप बदला. बॉल पण महागडे नको, नवख्याला साधा दोन थरांचा टू-पीस पुरे, निम्मे तर झाडीत जाणारच. आणि हो, बॉल शोधायला आता ३ मिनिटंच, २०१९ आधी ५ होती. मागची मंडळी खोळंबून बसतात, तेवढी लाज ठेवायची. एक विचारतो, १६ मध्ये काय काय होतं नक्की?

होटगीरोडकर
ड्रायव्हर, दोन वुड, ३ ते ९ आयर्न, तीन वेज, दोन पुटर, आणि एक बुटका गंमतीशीर क्लब, दोन्ही बाजूंनी सपाट, उजवा-डावा कसाही मारा. मेहुणा त्याला चिपर म्हणतो.

सातरस्ता_स्विंग
थांबा थांबा. दोन्ही बाजूंनी?? दोन तोंडं फक्त पुटरला चालतात. दुतोंडी चिपर नियमात बसतच नाही. नुसता बॅगेत असेल तर १४ च्या मोजणीत धरायचा, बाकी दंड नाही. पण त्यानं एकही फटका मारला असेल तर थेट डिसक्वालिफाय. मारला का?

होटगीरोडकर
...पहिल्या होलला. ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक हिरवळीच्या) कडेवरनं. आणि लई भारी बसला होता ओ.

पुटरवाला_पुणे
😂😂 स्क्रीनशॉट गेला का मित्राला?

होटगीरोडकर
गेला. निळ्या टिका पण आल्या. हा धागा त्याच्या नजरेला पडायच्या आत पुढच्या वेळी शेंगा चटणी घेऊन जातो, विषय संपला. चिपर आईनं घेतलाय, माळ्यावरचे डबे ओढायला बरा पडतो म्हणे.