फोर्क केला: फाटा काढला की फाटा दिला?

महापेच्या ऑफिसात आम्ही एक ओपन सोर्स लायब्ररी (कुणालाही घेऊन बदलता येणारा तयार कोड) फोर्क करून, म्हणजे तिची आपली वेगळी प्रत काढून, वापरतो. त्यावर आमचे स्वतःचे अकरा पॅच, म्हणजे छोटे बदल. मूळ लायब्ररी बरीच पुढे गेली, आता अपडेट करणं भाग पडलं. हौसेने नोंद मराठीत लिहिली, 'आपण या लायब्ररीला फाटा दिला आहे.' साहेब म्हणाले, "मग प्रोजेक्ट चालतंय कशावर?" फोर्क, अपस्ट्रीम (ज्यावरून फोर्क केला तो प्रोजेक्ट), रिबेस (आपले बदल त्याच्या नव्या आवृत्तीवर पुन्हा चढवणं) यांना म्हणावं तरी काय?

— साहेबांचं बरोबर आहे! 'फाटा देणे' म्हणजे वगळणे; लग्नात मानपानाला देतात तसा. तुम्ही फाटा काढलात. आपसूक झाला असता तर 'फुटला'. 'फाटे फोडणे' आणखी निराळं, ते कोड रिव्ह्यूत चालतं.

— फाटा म्हटलं की मला महापेजवळचा शिळफाटाच दिसतो. तिथून कल्याणकडे वळलात की महापे मागे राहिलं. फोर्क मात्र मूळ प्रोजेक्टला परत येऊन मिळू शकतो. आयओ.जेएस २०१४ साली नोड (नोड.जेएस) या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या सॉफ्टवेअरपासून फुटलं, २०१५मध्ये पुन्हा त्यातच आलं.

— रस्ता कशाला? कालव्याचा फाटा घ्या. आमचं शेत टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, त्यामुळे हे पाठ आहे: वरून पाणी सुटलं तर फाट्याला, फाट्यातून चारीला. अपस्ट्रीम म्हणजे 'वरचं'. ऐरोलीत आमच्या टीममध्ये 'वरून काय आलं?' असंच विचारतात. 'मूळ' नको. फोर्कचाही फोर्क असतो. तेव्हा तुमचं वरचं हे स्वतःच कुणाचा तरी फाटा असतं.

— रिबेसला 'कलम'? आपले बदल उचलून नव्या खुंटावर बांधायचे.

— छान आहे, पण कलमात फांदी तीच राहते. रिबेसमध्ये प्रत्येक कमिट (नोंदवलेला बदल) नव्याने बनतो, त्याचा हॅश, म्हणजे ओळख-क्रमांकसुद्धा बदलतो. शिवाय 'कलम लावलं' म्हटलं की लोक वकील शोधतील. 'पुन्हा बसवणे' पुरे. मर्जला, म्हणजे दोन फाटे एकत्र करण्याला, 'मिळवणे' चालेल, तिथे दोन्हीकडचा इतिहास जसाच्या तसा राहतो.

— आणि डिपेन्डन्सीला (आपला प्रोजेक्ट ज्यावर चालतो त्या लायब्ररीला) कृपया 'अवलंबित्व' करू नका. ती अवस्था झाली, ही वस्तू आहे. डिपेन्डन्सीच राहू द्या.

— आभार. नोंद बदलली: 'लायब्ररीचा फाटा काढला होता. वरचे बदल घेऊन त्यावर आपले नऊ पॅच पुन्हा बसवले. उरलेले दोन दोष वरच्यांनीच दुरुस्त केले आहेत, म्हणून त्या दोन पॅचना फाटा दिला.'