नगरपरिषदेचे ६४ संगणक: बदलायचे की टिकवायचे? (वीज, ई-कचरा, निर्लेखन)

नपा_संगणक_कक्ष

ब वर्ग नगरपरिषद. डेडस्टॉक रजिस्टरला (टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) ६४ डेस्कटॉप आहेत. ३८ चौथ्या पिढीचे आय३ (४ जीबी डीडीआर३, ५०० जीबी हार्डडिस्क), उरलेले २६ आठव्या-नवव्या पिढीचे. विंडोज १० चे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, तेव्हा सगळेच बदला, असा पुरवठादाराचा धोशा आहे. सर्व्हर रूममध्ये ३ टॉवर सर्व्हर, ५ केव्हीए ऑनलाइन यूपीएस आणि १८ वर लावलेला एसी. अभिलेख कक्षाशेजारच्या खोलीत जुने सीपीयू, सीआरटी मॉनिटर, प्रिंटर छताला टेकलेत.

माझी वसुंधरा अभियानासाठी मुख्याधिकारी साहेबांनी आयटीपुरता वीज आणि ई-कचऱ्याचा आराखडा मागितला आहे. सौर पॅनेल विद्युत विभाग बघतो, ते सोडून सांगा. सुरुवात कुठून करावी? आणि लेखापरीक्षणात आक्षेप येणार नाही असं निर्लेखन (निरुपयोगी वस्तू रजिस्टरातून कमी करणं) कसं करायचं?

सीएमओएस_सेल

आधी त्या २६ बद्दल. त्यांच्यावर विंडोज ११ चालतं. ‘टीपीएम नाही’ (विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप) असा संदेश आला तर बायोसमध्ये इंटेल पीटीटी (प्रोसेसरमधलंच टीपीएम) बघा, बहुतेकदा ते नुसतं बंद असतं. डिस्क जुन्या एमबीआर विभागणीची असेल तर विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी टूलने फॉरमॅट न करता नव्या जीपीटी विभागणीत बदलते. क्रम मात्र पाळा: बॅकअप, मग टूल, मग बायोस यूईएफआयवर (बूट होण्याची नवी पद्धत). बायोस आधी बदलला की यंत्र बूट होत नाही, आणि लगेच ‘जुनं झालंय, गेलं’ असा शेरा पडतो.

३८ ना २५६ जीबीची साटा एसएसडी आणि आणखी ४ जीबी रॅम टाका. बोर्डावर बहुधा रॅमचे दोनच स्लॉट असतात, म्हणून आधी उघडून बघा. दोन्ही भरलेले असतील तर २ जीबीच्या पट्ट्या काढाव्या लागतील. यंत्र मंद होतं ते जवळजवळ नेहमी हार्डडिस्कमुळे, प्रोसेसरमुळे नव्हे. यांच्यावर विंडोज ११ जबरदस्तीने बसवता येतं, पण पुढच्या अपडेटची हमी नाही, आणि कार्यालयात तो धोका कोणी घेऊ नये. जिथे काम ब्राउझरमध्येच होतं (जन्म-मृत्यू नोंदणी, तक्रार निवारण, आवक-जावक) तिथे उबुंटू एलटीएस किंवा सरकारी संस्था सी-डॅकचं बॉस लिनक्स (दोन्ही मोफत लिनक्स प्रणाली) टाका. इन्स्क्रिप्ट कळफलक आयता मिळतो. अडचण येते जुन्या फायलींची: कृतिदेव किंवा डीव्हीबी-टीटी या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर पडद्यावर नुसती अगम्य अक्षरं दिसतील.

नवा मिनी पीसी वीज वाचवतो हे खरं, पण किती? ४० वॉट × वर्षाचे २,५०० कार्यालयीन तास म्हणजे १०० युनिट. युनिटला १० रुपये धरले तर हजार रुपये, आणि ०.७ किलोच्या हिशेबाने सुमारे ७० किलो कार्बन डायऑक्साइड. एक संगणक तयार होतानाच वर्षाच्या या बचतीहून जास्त उत्सर्जन झालेलं असतं. चालतं यंत्र फक्त विजेसाठी मोडीत काढणं पैशातही बसत नाही.

खरी गळती रात्रीची आहे. ४० यंत्रं चालू राहिली तर ४० × ५० वॉट = २ किलोवॉट; वर्षाचे बिनकामाचे तास ६,२६०; म्हणजे १२,५२० युनिट. विंडोजच्या टास्क शेड्युलरमधून संध्याकाळी साडेसातला शटडाऊन लावा, १० मिनिटांची सूचना देऊन. मार्चमध्ये वसुली रात्रीपर्यंत चालते, तेव्हा वेळ पुढे न्या. नाही नेली तर लोक टास्कच उडवतात आणि तो पुन्हा कोणी लावत नाही. एखादं यंत्र स्लीपमध्ये जातच नसेल तर पॉवरसीएफजी कमांड रिक्वेस्ट्स पर्यायासह चालवा, कोण जागं ठेवतंय ते कळतं.

एक छोटी गोष्ट. शिपाई रोज विजेच्या बोर्डाचं मेन बटण बंद करू लागला की जुन्या मदरबोर्डवरचा, घड्याळ चालवणारा सीआर२०३२ सेल लवकर बसतो. सकाळी तारीख कित्येक वर्षं मागे गेलेली, प्रत्येक संकेतस्थळावर प्रमाणपत्राची चूक, डीएससी (डिजिटल स्वाक्षरी) चालत नाही, आणि तक्रार येते ‘इंटरनेट बंद आहे’. एसएसडीसाठी खोकं उघडालच, तेव्हाच सेल बदला.

रॅक_आणि_बॅटरी

वरच्या आकडेमोडीशी सहमत. फक्त सर्व्हर रूम मागे ठेवू नका, ती वर्षाचे ८,७६० तास चालते.

निवांत बसलेला टॉवर सर्व्हर १२० वॉट घेतो असं धरा: वर्षाला सुमारे १,०५० युनिट, वर एसीचा भार वेगळा. तिघांपैकी एक बहुधा जुन्या मालमत्ता कर प्रणालीचा असतो, ‘कधी लागला तर’ म्हणून चालू. त्याची व्हर्च्युअल प्रत घ्या, ती उघडून एक जुनी पावती काढून बघा, मगच मूळ बंद करा.

एसी १८ वर ठेवायचं काही कारण नाही. सर्व्हरच्या तोंडाशी (हवा आत जाते तिथे) १८ ते २७ अंश ही सर्वमान्य मर्यादा आहे. पण रिमोटवरचा आकडा म्हणजे सर्व्हरला मिळणारं तापमान नव्हे. रॅकच्या पुढच्या बाजूला, वरच्या टोकाशी थर्मामीटर चिकटवा आणि रोज एकेक अंश चढवा. बऱ्याच ठिकाणी स्प्लिट एसीचा झोत रॅकच्या पाठीवर पडतो: गरम हवा ढकलून पुढे आणली जाते आणि मग एसी कितीही खाली आणला तरी पंखे बोंबलत राहतात. झोताची दिशा बदला, रॅकमधल्या रिकाम्या खाचा पत्र्याने बंद करा.

यूपीएसच्या बॅटऱ्या त्याच खोलीत असतील तर २५ च्या वर जाऊ नका. सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य दर १० अंशांना जवळपास निम्मं होतं. विजेत वाचवलेलं शिशात घालवाल. एक बॅटरी गेली म्हणून जुन्या संचात एकच नवी घालू नका, चार्जिंग असमान होऊन नवीही लवकर जाते. जुना संच परतीच्या अटीवरच द्या. त्याला बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत, तो ई-कचऱ्याच्या ढिगात मोजायचा नाही.

डेडस्टॉक_रजिस्टर

निर्लेखनाबद्दल.

ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. वर्षात कधीही किमान १,००० उपकरणं वापरात असली की ‘बल्क कन्झ्युमर’, आणि मग माल फक्त नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर किंवा रिसायकलरकडे. ‘आमचे तर ६४च’ म्हणून सुटका मानू नका. यादीत प्रिंटर, एसी, फोन, दिवेसुद्धा येतात; पथदिवे मोजले की हजार कधीच ओलांडलेले असतात. शिवाय शहराच्या घनकचऱ्यात मिसळलेला ई-कचरा वेगळा करून रिसायकलरकडे पोचवणं ही नागरी संस्थेचीच जबाबदारी आहे. तीच संस्था स्वतःचे सीपीयू भंगारवाल्याला विकते हे कोणता लेखापरीक्षक सोडेल?

खोली रिकामी करण्याआधी यादी करा: रजिस्टरचा पान व अनुक्रमांक, यंत्राचा सिरीयल क्रमांक, खरेदीचं वर्ष, किंमत, सद्यस्थिती. आक्षेप येतात ते इथेच, कारण रजिस्टरला ‘संगणक संच १०’ एवढीच नोंद असते आणि खोलीत ९ सीपीयू, १३ मॉनिटर निघतात. तफावत आधी टिपणीत घ्या. मग तांत्रिक समितीचा निरुपयोगी असल्याचा अहवाल, सक्षम मंजुरी, आणि केंद्र सरकारच्या एमएसटीसी कंपनीसारख्या मंचावर ई-लिलाव. पात्रतेची अट नोंदणीकृत रिसायकलर. नोंदणीची मुदत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर स्वतः तपासा, झेरॉक्सवर विसंबू नका. वजनकाट्याची पावती आणि रिसायकलरची पोच हाती आल्यावरच रजिस्टरला लाल शाईची नोंद.

डेटा त्याआधी. हार्डडिस्कवर एकदा पूर्ण ओव्हरराइट पुरतं. एनवाइप या मोफत साधनाने ५०० जीबीला दीड-दोन तास लागतात, चार-पाच डिस्क एकदम लावा. एसएसडीला ही पद्धत चालत नाही, राखीव भागातला डेटा तसाच राहतो. तिला सिक्युअर इरेज (डिस्कच स्वतःला पुसते ती आज्ञा) द्या. ‘फ्रोझन’ दाखवलं तर यंत्र एकदा स्लीपमध्ये घालून उठवा. डिस्क सुरूच होत नसेल तर ड्रिलने आतल्या चकत्या (प्लेटर) भेदा. मोठ्या झेरॉक्स यंत्रात, सीसीटीव्हीच्या डीव्हीआरमध्ये आणि बायोमेट्रिक हजेरी यंत्रातही डेटा असतो, हे हमखास विसरतं.

सीआरटी फोडून तांबं काढू देऊ नका. काचेत शिसं आहे.

नपा_संगणक_कक्ष

सगळ्यांचे आभार. यादी सोमवारपासून घेतो. लेखा विभागाची ६ यंत्रं त्या ३८ मध्येच आहेत आणि त्यांना डीएससी लागते. त्यांनाही लिनक्स?

सीएमओएस_सेल

नको. डीएससीच्या यूएसबी टोकनचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण स्वाक्षरीची युटिलिटी अपडेट झाली की बिल मंजुरीच्या दिवशीच अडकायला होतं. २६ पैकी ६ लेखा विभागाला द्या, त्यांची जुनी ६ एसएसडी टाकून आवक-जावकला. रजिस्टरला जागाबदलाची नोंद तेवढी करा.