सिडकोतलं वडिलांचं घर पाडून बांधावं की विकावं?

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय. आमचं घर नवीन नाशिकला, त्रिमूर्ती चौकातून आत गेलं की, सिडकोच्या योजनेतलं रो हाऊस. वडील अंबड एमआयडीसीत कामाला, सायकलवर जाता येईल म्हणून घेतलेलं. आधी दोनच खोल्या, मग मागे किचन वाढवलं, १९९६ ला वर अजून एक खोली काढली. आता किचनच्या स्लॅबचे पोपडे पडतात. गेल्या आठवड्यात हातभर तुकडा थेट ओट्यावर आला, आई नुकतीच दूध उतरवून बाहेर गेलेली म्हणून वाचली. वर गंजलेली सळई उघडी पडलीय, बोट लावलं की भुगा हातात येतो.

भाऊ म्हणतो विका आणि पाथर्डी फाट्याला लिफ्टवाला टू बीएचके घ्या. आई काही ऐकत नाही. दारात मेथी निवडायला बसली की गल्लीतल्या चार जणी आपोआप येऊन बसतात. वडील गेले तेव्हा तेरा दिवस शेजारच्यांनी आम्हाला गॅस पेटवू दिला नाही, ते फ्लॅटमध्ये कुठून आणायचं? काय करू?

बांधकामवाला
आधी त्या किचनमध्ये स्वयंपाक बंद करा, आजच. चूल बाहेरच्या खोलीत हलवा. सळई गंजली की फुगते आणि खालचं काँक्रीट फोडून काढते, वरून प्लास्टर मारून काही उपयोग नाही. मूळ कारण बहुतेक गच्चीतलं पाणी असणार. दरवेळी गळलं की लोक जुन्या कोब्यावरच (गच्चीवरचा सिमेंटचा थर) नवीन कोबा करतात, चार इंच कोबा म्हणजे चौरस फुटाला साधारण वीस किलो वजन, ते सगळं त्या बिचाऱ्या स्लॅबवर. आणि ही घरं बहुतेक लोड बेअरिंग असतात, कॉलम नाहीत, भिंतीच वजन घेतात. रो हाऊसमध्ये एक भिंत शेजाऱ्याशी कॉमन, त्याचाही स्लॅब तिच्यावर असू शकतो, त्यामुळे सरळ जेसीबी बोलवू नका. स्ट्रक्चरल इंजिनियरकडून ऑडिट, म्हणजे मजबुतीची तपासणी, करून घ्या, कदाचित नुसतं किचन पाडून भागेल.

इंदिरानगरकर ताई
दादा, कागदांचंही बघा. सिडकोनं ही घरं मुळात लीजवर, म्हणजे लांब मुदतीच्या भाडेपट्ट्यावर दिलेली, त्यामुळे विका नाहीतर बांधा, आधी वारस म्हणून आईचं आणि तुम्हा दोघांचं नाव लागलं पाहिजे. आणि १९९६ च्या खोलीची परवानगी फाईलमध्ये आहे का ते शोधा, आमच्याकडे नेमका तोच कागद सापडेना आणि मनपाचा नवीन नकाशा मंजूर व्हायला सहा महिने गेले.

गंगापूररोड_२
मी आईला फ्लॅटमध्ये आणलं. गुडघ्यांना लिफ्टचा खरंच आराम आहे, ते नाकारत नाही. पण तिसऱ्या मजल्यावर दार लावलेलंच असतं हो. आता ती रोज संध्याकाळी खाली गेटजवळच्या बाकावर जाऊन बसते, कोणी ओळखीचं दिसतंय का बघत. माझं मत, घर वाचत असेल तर वाचवा.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. शेगडी कालच बाहेर हलवली. गच्चीवर जाऊन पाहिलं तर पाईपाजवळ कोब्याचे तीन थर स्पष्ट दिसतायत. कॉमन भिंतीचं शेजारच्या काकांशी बोललो, ते म्हणाले ऑडिट दोन्ही घरांचं एकदमच करू, खर्च अर्धा अर्धा. रविवारी इंजिनियर येतोय.