'गेम डिझाइन'मधल्या 'डिझाइन'साठी कोणता शब्द?

विचारणा
नागपुरातील आमच्या महाविद्यालयात व्हिडिओ गेमवर एक लहानसे प्रदर्शन भरणार असून त्याचे मराठी फलक लिहिण्याचे काम माझ्याकडे आले आहे. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने २०१२ साली १४ व्हिडिओ गेम आपल्या संग्रहात घेतले आणि ते चित्रकलेच्या नव्हे, तर वास्तुकला व डिझाइन विभागात ठेवले, या माहितीने पहिला फलक सुरू होतो. 'व्हिडिओ गेम' हा शब्द मी तसाच ठेवणार आहे. 'दृक्‌क्रीडा' लिहिले तर एकही विद्यार्थी फलकासमोर थांबणार नाही. अडचण 'डिझाइन'ची आहे. 'आरेखन' लिहून पाहिले, पण वाचणाऱ्यांना वाटते की पात्रांची चित्रे कोणी काढली ते सांगायचे आहे. 'संकल्पचित्र' चालेल का?

प्रतिसाद
ताई, 'संकल्पचित्र' हा बांधकाम खात्यातला शब्द आहे आणि पुलाच्या किंवा इमारतीच्या कागदांवर तो शोभतो. पण त्यातही 'चित्र' आहेच, म्हणजे आपली अडचण सुटत नाही. टेट्रिसचे उदाहरण घ्या. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव यांनी तयार केलेल्या या खेळात प्रत्येकी चार चौकोनांचे सात आकार वरून पडतात, भरलेली ओळ नाहीशी होते, आणि पुढे पुढे आकार इतक्या वेगाने येतात की विचार करायला उसंत मिळत नाही. यात चित्र म्हणावे असे जवळजवळ काहीच नाही, तरी त्या १४ गेममध्ये टेट्रिस आहे. संग्रहालयाने निवडीसाठी रूपाबरोबरच वर्तन, अवकाश आणि काळ यांचाही विचार केला होता.

मला वाटते, आपल्याकडे यासाठी क्रियापद आधीपासून आहे. आपण सारीपाट मांडतो, डाव मांडतो, लहान मुली भातुकली मांडतात. सोंगट्या कोणी कोरल्या याच्याशी मांडणाऱ्याला कर्तव्य नसते. कोण कोठे बसेल, सुरुवात कोठून होईल आणि पुढे काय घडू शकेल, हे तो ठरवतो. म्हणून 'खेळाची मांडणी' असे लिहावे.

प्रतिसाद
आमच्या घरी मांडणी म्हणजे स्वयंपाकघरातली भांडी ठेवण्याची फळी. फलक वाचून आमच्या आईला डबेच आठवतील!

प्रतिसाद
फळीचा अर्थ खरा आहे, परंतु 'पुस्तकाची मांडणी' किंवा 'विषयाची मांडणी' म्हटल्यावर कोणाला डबे आठवत नाहीत. संदर्भाने अर्थ ठरतो. मी सक्करदऱ्यात वाढलो. उन्हाळ्याच्या सुट्टीत कूलरपुढे चार-पाच जण बसून, कॅसेटमध्ये फुंकर मारून, आम्ही 'सुपर मारिओ ब्रदर्स' खेळत असू आणि 'अबे, माही एकच लाईफ उरली बे' हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू येई. सूचनांची पुस्तिका कोणाकडेही नव्हती आणि तिची गरजही पडली नाही. १९८५ सालच्या त्या गेमचा पहिला पडदा आठवा: मारिओ डाव्या बाजूला उभा असतो, उजवीकडे जागा मोकळी असते, म्हणून पाय आपोआप उजवीकडे वळतात, थोड्याच अंतरावर प्रश्नचिन्हाचा चमकणारा ठोकळा दिसतो आणि समोरून एक शत्रू चालत येतो, म्हणून उडी मारावीच लागते. ठोकळ्यातून निघालेले भूछत्र पुढच्या नळाला आपटून आपल्याकडेच परत फिरते. काय, कोठे आणि किती अंतरावर ठेवले आहे, एवढ्यावरून आम्ही खेळायला शिकलो. याला 'आरेखन' म्हणवत नाही. 'मांडणी'ला माझी संमती आहे.

मूळ विचारणा करणारी
सर्वांचे आभार. काल दोन्ही मसुदे विद्यार्थ्यांना दाखवले. 'टप्प्याचे आरेखन' वाचून एकाने नकाशा कोठे आहे असे विचारले, 'टप्प्याची मांडणी' मात्र कोणालाही अडली नाही. 'मांडणीकार' हा शब्द मलाच रुचला नाही, म्हणून व्यक्तीसाठी 'डिझायनर' राहू दिला आहे. 'आरेखन' एकाच फलकावर उरले आहे: १९८१ च्या 'डाँकी काँग'मध्ये चेहऱ्यासाठी ठिपके इतके मोजके होते की तोंड काढणे टाळण्यासाठी मारिओला मिशी दिली आणि केसांचा प्रश्न टोपीने सोडवला. त्या मिशीला 'मांडणी' कसे म्हणणार?