मदत हवी आहे: अमेरिकेतील हायस्कूलमध्ये प्रीकॅल्क्युलस, ऑनर्स घ्यावे की एपी?

नमस्कार,

आम्ही न्यू जर्सीत राहतो. माझी मुलगी सप्टेंबरमध्ये अकरावीत जाईल आणि गणितात तिला प्रीकॅल्क्युलस (कॅल्क्युलसची पूर्वतयारी करून घेणारा विषय) घ्यायचे आहे. तिच्या शाळेत हा विषय साधा, ऑनर्स (साध्याहून वरचा) आणि एपी (अॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे हायस्कूलमध्येच शिकवला जाणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम) अशा तीन स्तरांवर शिकवतात. अल्जिब्रा २ मध्ये तिला यंदा बी (वरून दुसरी श्रेणी) मिळाला. शिक्षकांनी ऑनर्सची शिफारस केली आहे. परंतु तिच्या बहुतेक मैत्रिणी एपीला जाणार आहेत आणि पालकांनी सही करून अर्ज दिल्यास शाळा शिफारशीविनाही वरच्या वर्गात प्रवेश देते. तो अर्ज भरावा की नाही, हा माझा मुख्य प्रश्न आहे. बारावीत एपी कॅल्क्युलस एबी (एपीच्या दोन कॅल्क्युलस विषयांपैकी पहिला) घेण्याची तिची इच्छा आहे.

शाळेच्या पत्रकात लिहिले आहे की एकूण गुणांत घटक चाचण्यांचा वाटा सर्वांत मोठा असेल, गृहपाठ रोज असेल पण त्याला जेमतेम पाच टक्के गुण असतील, काही चाचण्या कॅल्क्युलेटरशिवाय होतील आणि उत्तर बरोबर असले तरी पायऱ्या व कारण न लिहिल्यास पूर्ण गुण मिळणार नाहीत. मला या शेवटच्या अटीची काळजी वाटते. समीकरण सोडवायला दिले तर मुलगी ते सोडवते. पण आलेख समोर ठेवून ‘येथे फंक्शन वाढते आहे, मात्र वाढीचा वेग कमी होतो आहे, हे कशावरून?’ असे विचारले की ती गप्प होते.

मी महाराष्ट्र बोर्डातून विज्ञान शाखेत बारावी केली. त्रिकोणमितीची सूत्रे आणि लॉग टेबल अजून विसरलेले नाही. परंतु कोणते सूत्र कोठे लावायचे हे ओळखण्यावरच आमचा भर असे, फंक्शनचे वर्तन शब्दांत मांडण्याची सवय आम्हाला लावली गेली नव्हती. म्हणून तिला मदत करताना सुरुवात कोठून करावी, हे कळत नाही. आपल्यापैकी कोणी हा विषय शिकवत असेल किंवा ज्यांची मुले यातून गेली असतील, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

ताई, मी पेनसिल्व्हेनियात हायस्कूलला गणित शिकवतो. एपीच्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेने २०२३ मध्ये एपी प्रीकॅल्क्युलस सुरू केले आणि मे २०२४ मध्ये त्याची पहिली परीक्षा झाली, तेव्हापासून हा वर्ग माझ्याकडे आहे.

त्याचे चार भाग आहेत: बहुपदी व परिमेय फंक्शन, घातांकी व लॉगरिदमिक फंक्शन, त्रिकोणमितीय व पोलर (बिंदूचे स्थान कोन आणि अंतराने सांगणारी) फंक्शन, आणि शेवटी पॅरामीटर, सदिश व मॅट्रिक्स. परीक्षेत पहिल्या तीन भागांवरच प्रश्न येतात. चौथा शिकवायचा की नाही, हे शाळा ठरवते. ऑनर्सचा अभ्यासक्रम शाळागणिक बदलतो आणि त्यात कित्येकदा शांकव, सदिश, अगदी लिमिटची तोंडओळखही असते. त्यामुळे एपीत जास्त गणित शिकवतात, असे गृहीत धरू नये. एपीचा कस स्पष्टीकरणात लागतो.

उदाहरण देतो. क्षच्या किमती १, २, ३, ४ असताना एका फंक्शनच्या किमती ३, ६, १२, २४ येतात आणि दुसऱ्याच्या ३, ६, ११, १८. पहिले घातांकी आणि दुसरे वर्गीय मॉडेल आहे, एवढे लिहून भागत नाही. ‘क्ष सारख्या अंतराने वाढत असताना पहिल्यात लगतच्या किमतींचे गुणोत्तर स्थिर, म्हणजे २ राहते, दुसऱ्यात फरक ३, ५, ७ असे येतात आणि त्या फरकांमधला फरक स्थिर, म्हणजे २ राहतो’ असे पूर्ण वाक्य लागते. हे वाक्य तिच्याकडून रोज एकदा मराठीत वदवून घेतले तरी चालेल. विचार एकदा बसला की इंग्रजीत लिहिणे तिला जड जाणार नाही. आपण विचारलेल्या आलेखाबाबतही हेच आहे: समान अंतरांवरचा सरासरी बदलदर काढायला सांगा, तो धन असून उतरत गेला की उत्तर तिचे तिलाच सापडेल.

परीक्षा तीन तासांची असते. ४० बहुपर्यायी प्रश्नांना ६२.५ टक्के आणि ४ लेखी प्रश्नांना ३७.५ टक्के भार असतो. बहुपर्यायीपैकी २८ आणि लेखीपैकी २ प्रश्न कॅल्क्युलेटरशिवाय सोडवायचे असतात, आणि अल्जिब्रा २ कच्चे असलेली मुले तिथेच अडकतात. (क्ष² – क्ष – ६) भागिले (क्ष – ३) या फंक्शनच्या आलेखाला क्ष = ३ पाशी केवळ एक छिद्र असते, कारण अवयव पाडल्यावर (क्ष – ३) छेदातून जातो आणि क्ष + २ उरते; परंतु ६ च्या जागी ५ घातले की तिथेच उभी अनंतस्पर्शी रेषा (आलेख जिच्या जवळ जवळ जात राहतो ती) येते. हा फरक पाहण्यासाठी अवयव झटकन पडावे लागतात. तसेच ५ पाय छेद ६ चा साइन विचारला तर एकक वर्तुळ डोळ्यांपुढे हवे. अंशांत रूपांतर करत बसले तर वेळ पुरत नाही.

माझा सल्ला असा की अर्जाआधी तिच्या जुन्या चाचण्या काढून बी कशामुळे मिळाला ते पाहावे. गुण अवयव, अपूर्णांक, घातांकाचे आणि लॉगचे नियम यांत गेले असतील, तर शिक्षकांची शिफारस मानावी. केवळ स्पष्टीकरणात गेले असतील, तर एपीचा विचार जरूर करावा.

प्रतिसाद २

माझा मुलगा ऑनर्स करून कॅल्क्युलस एबीला गेला आणि त्याला काही कमी पडले नाही. कॉलेज क्रेडिटसाठी (एपीच्या गुणांवर कॉलेजात त्या विषयाची मोजणी व्हावी) म्हणून एपीचा आग्रह धरू नये, असे मला वाटते. इंजिनिअरिंगसारख्या शाखांत गणिताची मोजणी बहुधा कॅल्क्युलसपासूनच सुरू होते. खान अकॅडमीचा प्रीकॅल्क्युलसचा अभ्यासक्रम आणि डेस्मॉस (आलेख काढणारा ऑनलाइन कॅल्क्युलेटर) ही दोन्ही साधने मोफत आहेत, सुट्टीत ती वापरावीत.

मूळ प्रश्नकर्ती

आपणा दोघांचे मनापासून आभार. चाचण्या पाहिल्या. बहुतेक गुण परिमेय राशींच्या बेरजेत आणि लॉगच्या नियमांत गेले आहेत, त्यामुळे आम्ही ऑनर्सवर आलो आहोत. एकच शंका उरते: वर्ष चांगले गेले तर ऑनर्समधून एपीची परीक्षा देता येते का?

प्रतिसाद १

देता येते, वर्ग घेतलाच पाहिजे अशी कॉलेज बोर्डाची अट नाही. मात्र नावनोंदणी शाळेमार्फत होते आणि तिची मुदत नोव्हेंबरच्या मध्यास संपते, म्हणून ऑक्टोबरमध्येच शाळेच्या एपी समन्वयकांना विचारून ठेवा. तोवर पहिल्या एक-दोन घटक चाचण्या झालेल्या असतील. ऑनर्समध्ये पोलर फंक्शन शिकवतात का, हेही त्याच वेळी विचारा. नसल्यास तेवढा भाग तिला स्वतंत्रपणे करावा लागेल.