‘युनियनिस्ट’ म्हणजे एकीकरणवादी?

पाटीपेन्सिल:
मंडळी, एका मासिकासाठी ब्रेक्झिटनंतरच्या आयर्लंडवरचा लेख मराठीत आणतेय. काल रात्री माझ्याच हातून हे वाक्य उतरलं: ‘एकीकरणवादी पक्षांचा आयर्लंडच्या एकीकरणाला ठाम विरोध आहे.’ सकाळी वाचलं आणि कपाळावर हात मारला. मूळ शब्द ‘युनियनिस्ट’. ऐक्यवादी, संयोगवादी, सगळं लिहून पाहिलं. अर्थ उलटाच होतो. ‘संघवादी’ लिहावं तर वाचक थेट रेशीमबागेत पोचेल. काय करू?

शीवेवरचा:
ताई, ‘एकीकरण’ कुणाशी, हे त्या शब्दात कुठेच नाही, म्हणून घोळ. मी बेळगावचा. आमच्याकडे एकीकरण म्हटलं की महाराष्ट्र एकीकरण समिती आठवते, म्हणजे सीमेपलीकडच्या आपल्या माणसांत जायची मागणी. तेव्हा ‘एकीकरणवादी’ वाचून माझ्या डोळ्यांपुढे शिन फेन येणार, म्हणजे आयर्लंड एक करा म्हणणारा पक्ष. युनियनिस्ट बरोबर त्याच्या समोरचे.

त्यांची ‘युनियन’ फार जुनी. १८०० साली कायदे झाले आणि १ जानेवारी १८०१ पासून ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंड मिळून एक राज्य झालं. ते तसंच राहावं म्हणणारे ते युनियनिस्ट. राजकारणात हे नाव रुळलं होमरूलला, म्हणजे आयर्लंडच्या स्वराज्याला, विरोध करताना, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. तेव्हा बेटावर सीमाच नव्हती. फाळणी झाली १९२१ साली, उत्तर आयर्लंड ब्रिटनकडे राहिलं, बाकीचं वेगळं झालं. त्यांच्या हिशेबाने एकीकरण केव्हाच झालेलं आहे, आता बाकीचे मागताहेत ती फूट.

आणि एक गंमत. ‘होमरूल’ हा शब्दही आयर्लंडचाच. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये होमरूल लीग काढली ती आमच्या बेळगावातच, आणि त्याच महिन्यात डब्लिनला ब्रिटिशांविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. ‘स्वराज्य’सारखा शब्द हाताशी असताना लोकमान्यांनी ‘होमरूल’ तसाच ठेवला. मग तुम्ही ‘युनियनिस्ट’ ठेवायला का लाजता?

खडूस आजोबा:
ठेवा, पण पहिल्यांदा येईल तिथे फोड करून सांगा. नाहीतर आमच्यासारखे गिरणगावातले लोक ‘युनियनवाले’ समजून संप कधी मिटला विचारतील. त्यांच्या समोरच्या, आयर्लंड एक करू पाहणाऱ्या ‘नॅशनलिस्ट’चंही तेच. ‘राष्ट्रवादी’ लिहिलंत की आमच्याकडे घड्याळच दिसतं.

पाटीपेन्सिल:
आजोबा, लक्षात ठेवते. आणि ‘लॉयलिस्ट’? राजनिष्ठ?

शीवेवरचा:
अर्थ बरोबर, वास रावबहादुरांचा येतो. लॉयलिस्ट म्हणजे युनियनिस्टांतले जहाल, बरेचसे कामगार वस्त्यांतले. त्यांना दरबारी शब्द शोभत नाही.

मांडवीकाठची:
युनियनिस्ट सुटले असतील तर दुसऱ्या टोकाचा शब्द घ्या. ‘युनायटेड आयर्लंड’ होणं म्हणजे मराठीत नक्की काय? एकीकरण, पुनरेकीकरण की विलीनीकरण?

मी गोव्याची, म्हणून विलीनीकरण शब्दाला मी बिचकते. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात आमच्यापुढे प्रश्न होता तो महाराष्ट्रात विलीन व्हायचं का, आणि बहुमताने नाही म्हटलं. विलीन होणं म्हणजे मीठ पाण्यात विरघळतं तसं. धाकट्याने नाहीसं व्हायचं. उत्तर आयर्लंडमधल्या युनियनिस्टांची भीती नेमकी हीच आहे. ‘पुनरेकीकरण’ म्हटलं की ते विचारतात, ‘पुन्हा’ कशाला? हे बेट एका सरकारखाली पूर्ण एक होतं ते लंडनच्याच राज्यात! नॅशनलिस्टांना मात्र ‘पुन्हा’ हवंच, कारण त्यांच्या मते तोडलेलं जोडायचं आहे. म्हणजे तुम्ही एक उपसर्ग लावलात की बाजू घेतलीत. जर्मनीला आपण सरसकट एकीकरण म्हणतो, पण ३ ऑक्टोबर १९९० ला पूर्वेकडची राज्यं पश्चिमेच्या घटनेत दाखल झाली, म्हणजे खरं तर विलीनीकरणच.

मी लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात ‘संयुक्त आयर्लंड’ लिहीन आणि इतर शब्द ज्याचे त्याच्या तोंडी घालीन. संयुक्त महाराष्ट्रामुळे हा शब्द मराठी कानाला परका नाही.

पाटीपेन्सिल:
वा, हे पटलं. ‘बॉर्डर पोल’ला काय? मी ‘सीमेवरील मतदान’ लिहिलंय.

मांडवीकाठची:
अगं, त्याने सीमेवरच्या गावांतलं मतदान वाटतं. ते सार्वमत आहे. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतरच्या कायद्यात आहे, की उत्तरेतलं बहुमत संयुक्त आयर्लंडच्या बाजूने जाईल असं दिसलं तर उत्तर आयर्लंडचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश मंत्र्याने ते घ्यावं. त्यानंतर सात वर्षं पुन्हा नाही. दक्षिणेचीही संमती लागते. कसं ‘दिसलं’ म्हणायचं, ते कायद्यात कुठेच नाही, आणि सगळा वाद तिथे. १९७३ मध्ये एकदा झालं होतं. ९८.९ टक्के मतं ब्रिटनमध्ये राहण्याच्या बाजूने पडली, कारण नॅशनलिस्टांनी बहिष्कार घातला होता.

शीवेवरचा:
‘दक्षिण’ जपून वापरा हो. बेटाचं सगळ्यात उत्तरेचं टोक, मॅलिन हेड, डोनेगल परगण्यात आहे, आणि डोनेगल आहे ‘दक्षिणेत’!

पाटीपेन्सिल:
अरे देवा. आणि ‘हार्ड बॉर्डर’? एका वर्तमानपत्रात ‘कठोर सीमा’ वाचलं.

शीवेवरचा:
सीमा काय सासू आहे कठोर असायला? सरळ ‘नाक्यांची सीमा’ लिहा. जवळजवळ ५०० किलोमीटर सीमा, दोनशेहून जास्त रस्ते ती ओलांडतात. १९९३ मध्ये युरोपची एकच बाजारपेठ झाली तेव्हा जकातीचे नाके उठले, शांतता करारानंतर लष्कराचे बुरूजही गेले. आता सीमा कळते ती रस्त्यावरच्या पाटीवरून, वेगमर्यादा मैलांची किलोमीटर झाली की समजायचं. २०१६ च्या ब्रेक्झिटच्या मतदानात उत्तर आयर्लंडचे ५५.८ टक्के लोक युरोपीय संघात राहू म्हणाले, तरी बाहेर पडावं लागलं. नाके परत कुठे उभारायचे हा प्रश्न तेव्हा आला. ते जमिनीवर नको म्हणून उत्तर आयर्लंडच्या बंदरांत गेले, लार्न आणि बेलफास्टला. पण त्याला ‘समुद्री सीमा’ म्हणू नका, मराठीत ती कोळ्यांची बोट चुकून ओलांडते ती.

खडूस आजोबा:
‘बॅकस्टॉप’, म्हणजे जमिनीवर नाके परत येऊ नयेत म्हणून ब्रेक्झिट करारात घातलेली तरतूद, तिचं ‘पाठराखण’ करणारा एक महाभाग मी पाहिलाय. तेव्हाच्या ब्रिटिश पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार त्यांच्याच संसदेने तीनदा पाडला तो त्या तरतुदीवरून, पाठराखण कसली! आणि तिच्यासाठी डब्लिनहून अडून बसलेले आयर्लंडचे तेव्हाचे पंतप्रधान लिओ वराडकर, वडिलांकडून आमच्या मालवण तालुक्यातल्या वराडचे. तिकडे त्यांच्या पदाला ‘टीशख’ म्हणतात, म्हणजे मुख्य, पुढारी.

पाटीपेन्सिल:
तूर्त वाक्य असं केलंय: ‘ब्रिटनशी असलेली जोड टिकवू पाहणाऱ्या युनियनिस्ट पक्षांचा संयुक्त आयर्लंडला ठाम विरोध आहे.’ संपादक म्हणतात, लांब झालं. मी म्हटलं, दोनशे वर्षांचं आहे.